पिकअपचे दाणापाणी

२०२३ च्या जुलै महिन्यातली गोष्ट. टोमॅटोला कधी नव्हे तो भाव आला होता. माझ्या ओळखीच्या एका बागायतदाराने सत्तर क्रेट भरून पिकअप पहाटेच नारायणगावच्या बाजाराला काढली. गाडी तीन वर्षांची, बँकेचे हप्ते चालू. घाट चढता चढता समोरचा पिवळा दिवा लागला, गाडीचा जोर ओसरला आणि निम्म्या घाटात ती थकलेल्या बैलासारखी बसली. वरून पाऊस. दुसरी गाडी मागवून, माल उतरवून-चढवून बाजारात पोहोचेपर्यंत सकाळची खरेदी आटोपत आली होती. उरलेल्या गिऱ्हाइकांनी पाडून मागितले. ज्या भावाची वर्षानुवर्षे वाट पाहिली, तो त्या दिवशी त्या घराच्या वाट्याला आला नाही.

आठवड्याने मी त्यांच्या मळ्यात गेलो तेव्हा गाडी अजून गॅरेजमध्येच होती.

"नेमके झाले काय, आप्पा?" मी विचारले.

"काय सांगू साहेब, पोराने युरिया कालवून गाडीत घातला. विकतच्या डब्याला एवढे पैसे कशाला द्यायचे, घरात गोणी पडलीच आहे, असे कुणीतरी त्याला सांगितले. आता तुम्हीच सांगा, युरिया तो युरियाच ना?"

खते-बियाण्यांच्या कामात माझी हयात गेली. पण हा प्रश्न मला त्यापूर्वी कुणी विचारला नव्हता. त्याचे उत्तर पुढे येईलच. मात्र परत येताना मनात आले, की आपण बैलाला कधी सरकी द्यावी, कधी नुसती वैरण टाकावी, गाभण गाईला काय चालत नाही, हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. पण दारात उभ्या असलेल्या आठ-दहा लाखांच्या गाडीच्या पोटात काय घालावे, हे मात्र ऐकीव माहितीवर ठरवतो. शेतकरी बंधू-भगिनींनो, म्हणूनच आज पिकअपच्या दाणापाण्याविषयी चार गोष्टी सांगत आहे.

पहिली गोष्ट पुस्तिकेची

गाडीबरोबर एक पुस्तिका मिळते. बहुतेक घरांत ती प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरच निघत नाही. आपल्या गाडीला कोणते इंधन, कोणते ऑईल, किती लिटर आणि किती किलोमीटरला बदलायचे, हे सर्व तीत लिहिलेले असते. शेजाऱ्याची गाडी त्याच कंपनीची असली तरी दोन वर्षे मागेपुढे घेतलेल्या गाडीचे ऑईल वेगळे असू शकते. इंग्रजी वाचता येत नसेल तर घरातल्या शिकणाऱ्या मुला-मुलीकडून ते पान वाचून घ्यावे आणि त्यातले आकडे कागदावर लिहून गाडीत चिकटवावेत. या लेखातला कोणताही सल्ला आणि पुस्तिका यांत फरक पडला, तर पुस्तिका खरी मानावी.

डिझेल कुठून घ्यावे?

१ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात सर्वत्र बीएस-६ दर्जाचे डिझेल मिळते. जुन्या बीएस-३ डिझेलमध्ये दर किलोला ३५० मिलिग्रॅमपर्यंत गंधक चालत असे, बीएस-४ मध्ये ते ५० वर आले आणि बीएस-६ मध्ये १० वर. तेव्हा अधिकृत पंपावर डिझेलची जात निवडण्याचा प्रश्न उरलेला नाही. हे डिझेल जुन्या गाडीलाही चालते. जास्त दराचे खास डिझेल पंपावर मिळते, पण पुस्तिकेत सांगितले नसेल तर त्यावाचून काही अडत नाही.

खरा प्रश्न आहे तो डिझेल घ्यायचे कुठून हा. रस्त्याकडेच्या शेडमध्ये पंपापेक्षा दहा-पंधरा रुपये स्वस्त असे काहीतरी 'बायोडिझेल' म्हणून विकले जाते. खरे बायोडिझेल वनस्पती तेलापासून किंवा वापरलेल्या खाद्यतेलापासून तयार करतात आणि साध्या डिझेलमध्ये ते ७ टक्क्यांपर्यंत मिसळलेले चालते. पण त्या नावाखाली कारखान्यातली भलतीच तेले विकली जातात आणि तिथे धाडी पडल्याच्या बातम्याही आपण वाचतो. ते आपल्या गाडीत जाऊ देऊ नये.

रॉकेलच्या भेसळीचेही तसेच. जुन्या इंजिनात रॉकेल मिसळलेले डिझेल कसेबसे खपून जाई. आताच्या इंजिनात डिझेल १,००० बारहून जास्त दाबाने नोझलमधून फवारले जाते. हा दाब आपल्या चाकातल्या हवेच्या दाबाच्या दोनशे पटींहून अधिक झाला. त्या पंपाला आणि नोझलला वेगळे वंगण नसते, त्यातून वाहणारे डिझेल हेच त्यांचे वंगण. रॉकेल पातळ, त्याला वंगणाचा गुण कमी. अशाने पंप आणि नोझल आतून घासले जातात. लिटरमागे वाचलेले रुपये मग एका बिलात परत जातात.

पंपावर आपला हक्क

पंपावर गेल्यावर आधी मीटरवर शून्य पाहावे आणि नंतर नळी टाकू द्यावी. पावती मागून घ्यावी. माप कमी वाटले तर ५ लिटरच्या प्रमाणित मापात मोजून दाखवण्याची मागणी करता येते. हे माप पंपावर ठेवणे बंधनकारक आहे. ५ लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो, त्याहून अधिक तूट असेल तर वैधमापन विभागाकडे तक्रार करावी.

डिझेलची घनताही तपासून मागता येते. टँकर आला तेव्हा नोंदलेली घनता आणि आता मोजलेली घनता यांत घनमीटरला ३ किलोहून अधिक फरक असेल, तर भेसळीची शंका घ्यायला जागा आहे. पेट्रोलसाठी गाळणकागदाची परीक्षा असते. कागदावर टाकलेला थेंब डाग न ठेवता उडून गेला पाहिजे. आणखी एक साधी गोष्ट. पंपावर टँकर रिकामा होत असेल तर थोडे थांबावे किंवा पुढच्या पंपावर जावे, कारण त्या वेळी टाकीच्या तळाचा गाळ ढवळला जातो.

पाण्यापासून सांभाळा

पावसाळ्यात डिझेलचा मोठा वैरी म्हणजे पाणी. ट्रॅक्टरसाठी आणलेले डिझेल अनेक घरांत कॅनमध्ये किंवा पिंपात ठेवलेले असते आणि नड पडली की तेच पिकअपमध्ये ओततात. कॅनचे झाकण सैल असले तर त्यात पाणी जाते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते, तिथे शेवाळासारखी घाण वाढते आणि फिल्टर चोंदतो. असे डिझेल एक दिवस हलवू नये, मग वरचे वर काढून बारीक जाळीच्या गाळणीतून ओतावे आणि तळाचे दोन-तीन लिटर सोडून द्यावे. औषध फवारणीचे रिकामे डबे तर कितीही धुतले तरी डिझेलसाठी वापरू नयेत. पेट्रोल मात्र घरात साठवूच नये.

गाडीच्या डिझेल फिल्टरखाली साचलेले पाणी काढण्यासाठी स्क्रू असतो. पावसाळ्यात पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे तो सैल करून पाणी सोडून द्यावे. पावसाळी दिवसांत रात्री टाकी रिकामी ठेवण्यापेक्षा भरलेली ठेवावी, म्हणजे आतल्या हवेतली वाफ थंड होऊन पाणी साचत नाही.

निळ्या झाकणाची टाकी

आता आप्पांच्या प्रश्नाकडे वळू. काही बीएस-६ गाड्यांना डिझेलच्या टाकीशिवाय निळ्या झाकणाची एक लहान टाकी असते. सर्वच पिकअपना ती नसते. तिच्यात डीईएफ नावाचे पाण्यासारखे द्रावण घालतात. ते इंजिनात जात नाही, धुराच्या नळीत फवारले जाते आणि धुरातल्या विषारी नायट्रोजन ऑक्साईडचे साध्या नायट्रोजनमध्ये व वाफेत रूपांतर करायला मदत करते. त्यात ३२.५ टक्के युरिया असतो, हे खरे. बाकीचे पाणी असते.

पण दोन्ही युरिया सारखे नाहीत. शेतीचा युरिया पिकासाठी केलेला असतो. त्यात बाययुरेट नावाचा घटक १.५ टक्क्यांपर्यंत चालतो, डीईएफमध्ये तो ०.३ टक्क्यांवर चालत नाही. २०१५ पासून आपल्याकडच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचे आवरण असते. ते जमिनीत नत्र हळूहळू सुटावे म्हणून फायद्याचे, पण गाडीच्या बारीक फवारणीत मात्र घाण. शिवाय आपण कालवतो ते विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यात. ठिबकच्या ड्रिपरमध्ये क्षार साचून पांढरा थर कसा धरतो, ते आपण रोज पाहतो. ठिबक ॲसिड सोडून साफ करता येते. गाडीच्या नळीतली जाळी तशी साफ होत नाही, ती बदलावी लागते.

शिवाय अनुदानाचा युरिया शेतीव्यतिरिक्त वापरणे हा खत नियंत्रण आदेश, १९८५ चा भंग आहे. ती गोणी पिकासाठी आहे, पिकालाच घालावी.

डीईएफ नेहमी बंद डब्यातले, छापील तारीख पाहून घ्यावे आणि उन्हात ठेवू नये. १०० लिटर डिझेलमागे साधारण ३ ते ५ लिटर डीईएफ लागते. तेव्हा खर्चाचा अंदाज आधीच करता येतो. ते संपू देऊ नये. संपले तर बहुतेक गाड्यांचा जोर कमी होतो आणि पुढे गाडी सुरूही होत नाही. चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत किंवा डिझेल निळ्या टाकीत पडले, तर चावी फिरवूसुद्धा नये. गाडी जागेवरच ठेवून टाकी रिकामी करून घ्यावी.

ऑईलच्या डब्यावरची अक्षरे

आता इंजिन ऑईल. दुकानात जाऊन "एक पाच लिटरचा डबा द्या" एवढे म्हणून भागत नाही. डब्यावर दोन गोष्टी वाचाव्यात.

पहिली, दाटपणाचा आकडा. उदाहरणार्थ १५डब्ल्यू-४०. गुऱ्हाळातली काकवी आठवा. गरम असताना ती पाण्यासारखी धावते आणि हिवाळ्याच्या सकाळी डब्यातून उतरत नाही. ऑईलचेही तसेच आहे. पहिला आकडा थंडीत ऑईल किती वाहते ते सांगतो, तो जितका कमी तितके थंड इंजिनात ऑईल लवकर पोहोचते. दुसरा आकडा इंजिन तापल्यावर किती दाटपणा टिकतो ते सांगतो. "आपल्याकडे ऊन फार, दाट ऑईल घाला" असे सांगणारे भेटतात. पण ज्या इंजिनाला पातळ ऑईल सांगितले आहे, त्याला दाट ऑईल घातले तर ते वेळेवर वर चढत नाही आणि डिझेलही जास्त जळते.

दुसरी, दर्जाची अक्षरे. एपीआय या खुणेपुढे 'एस'ने सुरू होणारी अक्षरे पेट्रोल इंजिनासाठी आणि 'सी'ने सुरू होणारी डिझेल इंजिनासाठी असतात. डिझेलमध्ये सीएफ-४, सीएच-४, सीआय-४ आणि २०१६ मध्ये आलेले सीके-४ अशी चढती पायरी आहे. पुस्तिकेत सीके-४ लिहिले असताना जुन्या ट्रॅक्टरसाठी आणलेले सीएफ-४ घालणे, म्हणजे धावत्या घोड्याला म्हशीचा लगाम लावण्यासारखे आहे.

काजळी जळते, राख उरते

असे का, ते चुलीवरून समजेल. पऱ्हाटी जळताना काजळी धरते. आच वाढली की काजळीही जळून जाते, पण राख मात्र चुलीत उरतेच. बऱ्याच बीएस-६ डिझेल गाड्यांच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते. तिला डीपीएफ म्हणतात. साचलेली काजळी गाडी मधून मधून जास्त उष्णता करून जाळून टाकते. इंजिनात थोडे ऑईलही जळत असते. त्या ऑईलमध्ये राख करणारे घटक जास्त असतील, तर ती राख गाळणीत बसते आणि ती जळत नाही. म्हणून अशा गाड्यांना कमी राखेचे ऑईल सांगितलेले असते. स्वस्त ऑईलने इंजिन त्या दिवशी चालते, गाळणी मात्र हळूहळू भरत जाते.

इथे गावाकडच्या वापराची एक अडचण आहे. घर ते मळा, मळा ते डेअरी अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत गाडी पुरती तापत नाही आणि काजळी जाळण्याचे काम अर्धवट राहते. गाळणीचा दिवा लागला तर दुर्लक्ष करू नये. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे मोकळ्या रस्त्यावर एका लयीत गाडी चालवावी, बहुधा पंधरा-वीस मिनिटांत काम होते. त्या वेळी नळी फार तापलेली असते, तेव्हा वाळल्या गवतावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ गाडी उभी करू नये.

पट्टी पाहायला शिका

ऑईलची पट्टी आठवड्यातून एकदा पाहावी. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. वरच्या खुणेच्या वर ऑईल भरणेही वाईट, त्याला फेस येतो.

डिझेल इंजिनातले ऑईल लवकर काळे पडते. त्याने घाबरू नये, ते काजळी धरून ठेवते आहे, म्हणजे आपले काम करते आहे. पण ऑईल दुधी झाले तर पाणी मिसळले असे समजावे. आणि न भरता पातळी वाढली तर "आपली गाडी ऑईल खात नाही" म्हणून आनंद मानू नये. काजळी जाळण्याचे काम वारंवार अर्धवट राहिले, की डिझेल खाली उतरून ऑईलमध्ये मिसळते. असे पातळ ऑईल बेअरिंग सांभाळू शकत नाही. लगेच मिस्त्रीला दाखवावे.

ऑईल बदलण्याचे अंतर पुस्तिकेत असते. धूळ, चिखल, छोट्या फेऱ्या, भरगच्च ओझे, घाट यांसाठी तिथेच कमी अंतर दिलेले असते. आपल्या शेतातल्या गाडीला बहुधा तेच लागू पडते. ऑईलबरोबर ऑईल फिल्टर बदलावाच. मळणीच्या दिवसांत हवेचा फिल्टरही पाहावा, कारण भुश्शाने घुसमटलेले इंजिन काजळी जास्त करते.

नकली डबे बाजारात असतात. म्हणून ओळखीच्या अधिकृत दुकानातून, सील पाहून, पावतीसह डबा घ्यावा. रिकाम्या डब्याला भोक पाडून मगच तो भंगारात द्यावा, म्हणजे आपलाच डबा पुन्हा भरून आपल्याच गावात विकला जाणार नाही.

गिअर, डिफरन्शियल आणि ब्रेक

गिअर ऑईलमध्ये जीएल-४ आणि जीएल-५ असे दोन दर्जे नेहमी दिसतात. मागच्या डिफरन्शियलमध्ये दातांवर फार दाब येतो, तिथे साधारणपणे जीएल-५ लागते. पण तेच ऑईल सर्वच गिअरबॉक्सना चालत नाही, आतल्या पितळी कड्यांना त्यातली काही द्रव्ये बाधू शकतात. "मोठा आकडा म्हणजे चांगले" असे इथे नाही. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचे ऑईलही पिकअपच्या गिअरबॉक्समध्ये घालू नये.

ब्रेक ऑईलला आपण ऑईल म्हणतो, पण ते तेल नव्हे. त्याच्या टाकीत इंजिन ऑईलचा थेंबही पडला तर रबरे फुगतात आणि ब्रेक दगा देतो. टाकीवर डॉट-३ किंवा डॉट-४ जे लिहिले असेल तेच घालावे. हे द्रव्य हवेतली ओल शोषते, म्हणून उघडा राहिलेला जुना डबा वापरू नये. मालाची गाडी घाट उतरत असते, त्यात आपली माणसेही असतात. इथे काटकसर नको.

पेट्रोलची गाडी असेल तर

लहान मालगाड्या पेट्रोलवरही येतात. २०२५ पासून देशभर पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्याच उसापासून, मक्यापासून, तांदळापासून होते. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून पेट्रोल टाकीचे झाकण घट्ट हवे आणि गाडी महिनोन्‌महिने तशीच उभी ठेवू नये. गाडी जुनी असेल तर रबरी नळ्या तपासून घ्याव्यात. डिझेल गाडीत चुकून पेट्रोल पडले तर ती सुरू न करता टाकी काढून धुवून घ्यावी. सुरू केली की नुकसान पंपापर्यंत पोहोचते.

जळके ऑईल

काढलेले काळे ऑईल गोठ्याच्या खांबाला, गाडीच्या आसाला, इतकेच काय जनावराच्या खरजेला लावण्याची जुनी पद्धत आहे. त्यात धातूचे कण आणि विषारी द्रव्ये असतात. जनावर अंग चाटते आणि ते पोटात जाते, म्हणून ते जनावराला मुळीच लावू नये. खरजेसाठी पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. विहिरीजवळ किंवा नाल्यात ते ओतू नये. डब्यात साठवून ऑईल बदलणाऱ्या गॅरेजला परत द्यावे.

हिशेबाची वही

शेवटी हिशेब पाहू. समजा आपल्या इंजिनाला ६ लिटर ऑईल लागते आणि योग्य ऑईल लिटरमागे १५० रुपयांनी महाग आहे. एका वेळचा जादा खर्च ९०० रुपये झाला. ते १०,००० किलोमीटर चालले तर किलोमीटरला ९ पैसे पडले. आप्पांना एका फेरीने किती फटका दिला, ते आपण वर वाचलेच.

प्रत्येक घरात गाडीची एक वही असावी. तारीख, किलोमीटर, भरलेले डिझेल, डीईएफ, ऑईल बदलल्याचा दिवस, एवढेच लिहावे. हे काम घरातल्या सुनेने किंवा शाळकरी मुलीने हाती घेतले, तर ते अधिक नेटके होते असा माझा अनुभव आहे. लिटरला १३ किलोमीटर देणारी गाडी त्याच रस्त्यावर, त्याच ओझ्याला ११ वर आली, की इंधन, फिल्टर, चाकांची हवा यांपैकी कुठेतरी बिघाड आहे, हे वहीच आधी सांगते. घाटात गाडी बसण्यापूर्वी.

आप्पांच्या घरी आता अशी वही आहे. पुढे एकदा मी गेलो तेव्हा त्यांच्या मुलाने ती स्वतः आणून दाखवली. पहिल्या पानावर त्याने ऑईलचा दर्जा लिहिला होता आणि खाली ठळक अक्षरांत एक ओळ होती : 'शेतातला युरिया शेतातच.'